परतीचे तेल

गिअरची दांडी ‘डी’वर आली की गाडीला आतून एक हिसका बसायचा. फार मोठा नाही. झोपलेल्या माणसाला कोणी खांदा धरून हलवावे, तेवढाच. तो आत्ताही बसला आणि सिंधूचा डावा हात आपोआप कानापाशी गेला. उजवा पाय ब्रेकवर होता. तो हलला नाही. “दाबून धर,” समोरून सुभाषचंद्रांचा, तिच्या नवऱ्याचा, आवाज आला. “मी सांगेपर्यंत पाय हलवायचा नाही.” बॉनेट उघडे असल्यामुळे त्यांचे तोंड तिला दिसत नव्हते. बॉनेटच्या खालच्या फटीतून बनियनचा एक तुकडा दिसत होता आणि तेलाने काळी झालेली दोन मनगटे. मनगटे तिने कुठेही ओळखली असती. तोंड लग्नाच्या फोटोत वेगळे होते, निवृत्तीच्या फोटोत वेगळे. मनगटे तीच राहिली होती, जाड, केसाळ, उजव्यावर घड्याळाचा पांढरा पट्टा. गाडीखान्याचे दार मागे सताड उघडे होते, तरी पेट्रोलचा वास घशात बसत होता. सिव्हिल लाइन्सच्या त्या रस्त्यावर सकाळी फारशी वर्दळ नसायची. एखादी शाळेची रिक्षा जायची, समोरच्या बंगल्यात नळी लावून कोणी झाडांना पाणी घालायचे. हे सगळे तिला उजव्या कानाने ऐकू येत होते.

गाडी नेहमीसारखी तोंड आत करून लावली होती, कारण हत्यारांची फळी गाडीखान्याच्या आतल्या टोकाच्या भिंतीवर होती आणि दिवाही तिथेच. बंपर आणि भिंत यांच्यात एक माणूस वाकून उभा राहील एवढी जागा होती, त्यात ते उभे होते. जमिनीला किंचित उतार होता, फाटकाकडे. म्हणून त्यांनी मागच्या चाकांच्या मागे विटा लावल्या होत्या. हँडब्रेक कधीचा नावापुरता उरला होता. पुढच्या चाकांपुढे काही लावले नव्हते. तिथे सिंधूचा पाय होता. या माणसाचा उभा जन्म कारखान्यात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर जोडण्यात गेला होता. साधा पंखा उघडायचा तरी ते वीज बंद आहे का हे दोनदा पाहायचे. पण हा पाय तपासावा असे त्यांना कधी वाटले नाही. पी, आर, एन, डी ही अक्षरे तिला त्यांनीच शिकवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, याच सीटवर बसवून. पी म्हणजे कुलूप, आर म्हणजे मागे, एन म्हणजे काही नाही, डी म्हणजे पुढे. बाकीचे इंग्रजी तिला अजूनही येत नव्हते, आणि गाडी चालवायला तिला कधी मिळाली नाही. नुसता पाय द्यायचा. “तुझा एक पाय दे गं,” असे ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, आणि ती हाताचे पीठ पुसून निघायची.

“आर,” समोरून आवाज आला. तिने दांडी वर ढकलली. हिसका. “एन.” हिसका नाही. “डी. अगं डी म्हटलं ना! बहिरी झालीस का?” ती डावीकडे बहिरीच होती, आणि ती कशाने हे त्या मनगटांना माहीत होते.

गाडी सासऱ्यांनी घेतलेली. अमेरिकेची, लांबलचक, क्लच नसलेली, जवळच्या एका लहानशा संस्थानाच्या राजेसाहेबांकडची. राजेसाहेबांचे दिवस फिरले तेव्हा ती खंडेराव गेटच्या जुन्या घरी आली आणि पुढे घराबरोबर सिव्हिल लाइन्समध्ये. झाँसीत जी काही मराठी घरे उरली होती त्यांची लग्ने, मुंजी, पालख्या सगळे या गाडीवर हक्क सांगायचे, आणि मराठी मंडळाचा गणपती विसर्जनाला हिच्यातूनच जायचा. गल्लीतली पोरे तिला जहाज म्हणायची. सासऱ्यांनी एक नियम घालून ठेवला होता. एका वर्षी गेटाच्या चढावर त्यांनी गाडी एनवर घेतली आणि ती देवासकट मागे घरंगळली, कोणाच्या तरी पायावरून गेली. तेव्हापासून देव आत बसला की गाडी डीवरच ठेवायची. मिरवणूक चालेल तसे ब्रेक सैल करायचा, थांबेल तसा दाबायचा. सुभाषचंद्रांनी तो नियम तसाच पाळला. गाडी पुढे ओढते, ब्रेक तिला धरून ठेवतो, आणि त्यांच्या झोंबाझोंबीत गिअरबॉक्सचे तेल उकळते, हे त्यांना पक्के ठाऊक होते; मंडळाचे अध्यक्ष आणि समोरचे शेजारी रमाकांतजी यांना त्यांनी ते स्वतः समजावून सांगितलेही होते. “मग न्यूट्रलवर घ्या की, सुभाषजी,” रमाकांतजी म्हणाले होते. “आमच्यात तसं करत नाहीत,” हे त्यांचे उत्तर. यंदा गेटाच्या आतच गाडीखालून तेल गळायला लागले. तेल लाल असते. रस्ता आधीच गुलालाने लाल झालेला, त्यामुळे ते कोणाला दिसलेच नाही. पोरी त्यातूनच नाचत गेल्या. मग धूर आला, जळका वास आला, आणि गाडी पुढे जाईना. “लो भाई, डूब गया जहाज!” रमाकांतजी ओरडले. “बप्पाला टेम्पोत घ्या रे! सुभाषजी, आता हिला म्युझियममध्ये द्या, तिकीट लावा.” सगळे हसले. सुभाषचंद्रही हसले. ते हसू सिंधूने गर्दीच्या कडेला उभी राहून पाहिले. तोंड हसत होते, आणि उजव्या हाताचा अंगठा चार बोटांवरून एकेक करून फिरत होता.

आता गिअरबॉक्सला कूलर बसवायचा होता. दिल्लीहून मागवलेला, शाळेच्या पाटीएवढा, पातळ पत्र्याच्या घड्यांचा. तो रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे बसला होता. गिअरबॉक्समधून तापलेले तेल एका नळीने यायचे, त्या घड्यांतून फिरायचे, वाऱ्याने निवायचे आणि दुसऱ्या नळीने परत जायचे. “ट्रान्सफॉर्मरला हेच करतात,” ते काल जेवताना म्हणाले होते, कोणी विचारले नसताना. “तेल तापू द्यायचं. त्याला फिरवत ठेवायचं. जळू द्यायचं नाही.” मघाशी त्यांनी परतीची नळी सुटी करून तिच्या लोणच्याच्या बरणीत धरली होती, तेल फिरते का ते पाहायला. बरणी न विचारता घेतली होती. लाल धार बरणीत पडताना ती फटीतून पाहत होती. “आलं! कोमट आहे, अगदी कोमट,” ते बोट बुडवून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लहान मुलासारखा आनंद होता. असा आनंद ऐकला की पूर्वी तिला बरे वाटायचे. आजचा दिवस निघाला, असे वाटायचे. आत्ताही क्षणभर तसे वाटले, आणि त्या वाटण्याची तिला किळस आली.

समोरच्या भिंतीवर, फळीच्या शेजारी, खिळ्याला गाडीच्या पंख्याचा जुना पट्टा लटकत होता. काळे रबर, आतल्या बाजूने दाते. अडीअडचणीला असावा म्हणून ठेवलेला. तो इतकी वर्षे तिथेच होता. लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या महिन्यात घरी पाहुणे आले होते आणि ती, वर्ध्याहून आलेली, हिंदीचा एक शब्द धड न येणारी, कोणीतरी आपल्याशी मराठीत बोलतेय या आनंदात बोलून गेली की गाडी फार छान आहे पण तापते हो. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, “चल, तुला दाखवतो कुठे तापते.” आवाज शांत होता. ती उत्सुकतेने गेली. खरोखर काही दाखवणार आहेत असेच तिला वाटले. दार लावल्यावर त्यांनी पट्टा काढला. दात्यांचे वळ पाठीवर उठतात ते शिडीसारखे उठतात, हे तिला सासूबाईंनी हळद लावताना सांगितले. त्यांना ते कसे ठाऊक होते हे तिने विचारले नाही. सासूबाईंचे नाव अनुसूया. त्या म्हणाल्या, “बाहेर बोलू नकोस. इथे आपली माणसं मोजकी.” बाहेरच्या खोलीत सासऱ्यांनी रेडिओ मोठा केला होता. पुढे रेडिओ मोठा झाला की तिला कळायचे की आता कोणीही येणार नाही. काही वर्षांनी टीव्ही आला, मग टीव्ही मोठा व्हायचा. कानाचे पुष्कळ नंतरचे. हाताच्या तळव्याने, एकदाच, चपातीला पाणी लागले म्हणून. कानात काहीतरी फुटले आणि त्यानंतर तिथे एक बारीक घरघर राहिली. ती अजून होती. इंजिन चालू असले की ती घरघर त्या आवाजात मिसळून जायची आणि डोके जरा शांत वाटायचे. म्हणूनही असेल, या सीटवर बसायला तिला कधी नकोसे झाले नाही.

सीटचे मात्र वेगळे होते. सीटवर मरून रंगाचे रेक्झिन होते. त्याच्या आधी पिवळसर कापड होते. परागच्या आधी तिला दिवस गेले होते, सहावा महिना सरत आला होता. ते गाडीच्या खालून बाहेर आले आणि ती पाना उशिरा घेऊन आली होती. त्यांनी उठायचेही कष्ट घेतले नाहीत. जमिनीवर पडल्या पडल्या लाथ मारली. ती या दाराच्या कडेवर पोटावर आपटली. मग मात्र त्यांनीच तिला उचलून आत घातले, त्यांनीच गाडी हाणली, रेल्वेच्या फाटकाशी हॉर्न वाजवून वाजवून त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. “काही होणार नाही, काही होणार नाही,” असे तेच म्हणत होते. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी प्रश्न पुरता विचारलाही नव्हता. “न्हाणीघरात घसरले,” सिंधू म्हणाली. कोणी तिला शिकवले नव्हते. वाक्य तोंडात तयार होते. मुलगी होती, असे आयाने सांगितले. घरी आली तेव्हा गाडीला नवे कव्हर चढलेले होते. “डाग निघेना,” ते म्हणाले. मरून घेतले, म्हणजे पुन्हा काही सांडले तर दिसू नये. जुने कापड त्यांनी काढले नव्हते, त्यावरूनच रेक्झिन ताणले होते. ते आत्ताही तिच्या मांड्यांखाली होते. शिवण जिथे उसवली होती तिथे बोट घातले की ते लागायचे, खरखरीत. ती कधीकधी घालायची बोट.

पराग झाल्यावर त्याच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नाही. मुलगा म्हणून असेल. पण तो जसा मोठा होऊ लागला तसे त्याचे डोळे सिंधूच्या दंडावर थांबू लागले, आणि एकदा त्याने बाहुलीला, शेजारच्या पोरीच्या बाहुलीला, मारताना तिने पाहिले. आधी अंगठा चार बोटांवरून फिरवून, वडील हात उगारण्याआधी फिरवायचे तसा. त्याच वर्षी तिने हट्ट धरून त्याला नागपूरला भावाकडे पाठवले. अभ्यासासाठी, असे सांगितले. तो आगगाडीत रडला नाही. खिडकीतून एवढेच म्हणाला, “तुला मी नको झालो.” तो आता नोएडात होता, मोठा माणूस होता, आणि अजून फोनवर बोलता बोलता मधेच म्हणायचा, “तू तर काय, मला लहानपणीच काढून टाकलंस.” हसून म्हणायचा. आता त्याला मस्कतला मोठे काम मिळाले होते. तो आणि मेघना, त्याची बायको, आधी जाणार, तिथे बस्तान बसवणार. इरा, त्यांची मुलगी, वर्षभर झाँसीला आजी-आबांजवळ. तिच्यासाठी शाळाही पाहून ठेवली होती. आठवडाभर राहून बघू दे, म्हणून तिला गणपतीत इथेच सोडले होते. सिंधूने सुरुवातीला हो म्हटले होते. परागच्या लग्नापासून त्यांचा हात उठला नव्हता. सून घरात येणार म्हटल्यावर तो आपोआप खाली राहिला, आणि तिला वाटले होते की वय झाले, निवले. आज पराग तिकिटे काढणार होता. आज सकाळी तुझा हो कळव, असे त्याने सांगून ठेवले होते.

आणि काल नळीची एक क्लिप सापडेना. वर्तुळाकार, चकचकीत, स्क्रूने आवळायची. इराने ती बांगडीसारखी मनगटात घातली होती. “आबा, देखो, माझी बांगडी,” ती म्हणाली. ते हसले. सिंधू दारात होती, तिने अंगठा पाहिला, पण तिथवर पोचायला अवधीच उरला नाही. “ही खेळायची वस्तू आहे का? ये, तुला गरम म्हणजे काय ते कळू दे.” इंजिन नुकतेच बंद केले होते. त्यांनी इराचे मनगट धरले आणि तिची बोटे गिअरबॉक्सच्या लोखंडी पाइपवर टेकवली. टेकवली आणि धरून ठेवली. इरा आधी जोरात ओरडली आणि मग एकदम गप्प झाली. ओरडली तेव्हा नाही, गप्प झाली तेव्हा सिंधूची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली. तो चेहरा तिला ठाऊक होता. मान थोडी खाली, डोळे कोरडे, ओठ आत ओढलेले, सगळे शरीर एका जागी थांबवून ठेवलेले. तो आरशातला होता. “आता लक्षात राहील,” असे म्हणून त्यांनी सोडले, क्लिप पुसून घेतली आणि कामाला लागले. संध्याकाळी परागचा व्हिडिओ कॉल आला. “उँगली को क्या हुआ, बेटा?” “मीच हात लावला, पापा,” इरा म्हणाली, “गरम था, मुझे पता नहीं था.” ती आबांकडे पाहत नव्हती. ती सिंधूकडे पाहत होती, बरोबर सांगितले ना, असे. तिलाही कोणी शिकवले नव्हते.

“डीवरच राहू दे. सांध्यातून पाझरतंय थोडं,” ते समोरून म्हणाले. “मी आत हात घालतोय. पाय हलवू नकोस.” बनियन खाली सरकले. ते रेडिएटरवर ओणवे झाले होते, त्यांचे गुडघे बंपरला टेकलेले असणार. गाडी पायाखाली ओढत होती. ही ओढ तिला पूर्वी कधी जाणवली नव्हती की रोजच जाणवायची आणि ती लक्ष द्यायची नाही? बैलाने वेसण ताणावी तशी गाडी थरथरत होती, आणि तिला धरून होते ते फक्त तिचे पाऊल, सुजलेल्या घोट्याचे, भेगाळलेल्या टाचेचे. तिला ते सगळे दिसले. पाय उचलायचा. आरडाओरडा करायचा नाही, शिवी द्यायची नाही, काहीच करायचे नाही. लोखंड त्याचे काम करील. आधी गुडघे, मग मांड्या, मग भिंतीवरची फळी खाली येईल, पाने, हातोडे त्यांच्या डोक्यावर, आणि मनगटे पंख्याच्या पात्यांत. तो आवाज कसा येईल तेही तिला ऐकू आले, डाव्या कानात, जिथे काही ऐकू येत नव्हते. गोड वाटले. जिभेवर चव यावी इतके गोड. पाय घसरला, असे ती सांगेल. वाक्य तोंडात तयार होते. म्हातारीचा पाय घसरला, आणि सगळी झाँसी हळहळेल, रमाकांतजी खांदा देतील. आणि इरा ते वाक्य ऐकेल आणि पाठ करील. इथे ती अडली.

त्या क्षणी मागून पावले आली. “आजी, पापा का फोन.” इरा तिच्या दाराशी उभी होती, एका हातात फोन, दुसऱ्या हाताची दोन बोटे मलमाने पिवळी, सरळ ताठ धरलेली. “नंतर!” समोरून आवाज आला. “इरा आहे का? इरा, ये इकडे. फळीवरची बॅटरी घे आणि माझ्यासाठी धर. इथे पुढे ये.” इराने फोन सीटवर ठेवला. तिचा चेहरा बदलला. मान खाली गेली. ती गाडीच्या बाजूने पुढे निघाली, भिंतीकडे, मुकाट. फोन सीटवर थरथरत राहिला.

“इरा,” सिंधू म्हणाली, “तिकडे जायचं नाही. ये, आत माझ्याशेजारी बस.”

इरा थांबली.

“काय?” समोरून आवाज आला. “काय म्हणालीस?”

“ती येणार नाही.”

“तुझं तंगडं तोडीन हां, सिंधे. तिला पाठव. इरा! एकदा सांगितलं की यायचं, कालचं विसरलीस का?”

इरा धावत येऊन पलीकडचे दार उघडून आत बसली. आणि सिंधूचा पाय सैल झाला. तिने तो उचलला असे नाही. बोटांतला जोर निघून गेला, एवढेच. गाडी पुढे झाली. हातभर नाही, वीतभर. फळीवरून काहीतरी खणखणत पडले, बरणी फुटली, आणि समोरून एक आवाज आला जो तिने त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो आवाज तिचा होता; त्या गाडीखान्यात आजवर तो तिनेच काढला होता. गाडी अजून ओढत होती. अजून थोडे, असे गाडी म्हणत होती. इरा काचेतून पुढे पाहत नव्हती. ती खाली, सिंधूच्या पायाकडे पाहत होती. सिंधूने पाय दाबला. सगळे अंग त्या पायावर घातले. गाडी थांबली.

“आर! आर टाक! गुडघे... रांडे, आर टाक!” मग, “सिंधू. सिंधू, अगं बाई, आर.” बॉनेटच्या कडेवर एक मनगट वर आले होते आणि लाल तेलाने माखलेली बोटे पत्र्यावर घसरत होती. गाडी त्यांना भिंतीशी धरून उभी होती. हाडे मोडली नव्हती, मोडली असती तर आवाज वेगळा आला असता. हे तिला ठाऊक होते. तिने फोन उचलला, इराकडे दिला. “मोठ्यांदा ऐकू येईल असा लाव.”

“आई? कधीचा करतोय! तिकिटं काढतोय बघ. हो ना? राहील ना ती नीट?”

सकाळपासून तिने उत्तरे जुळवून ठेवली होती. माझे गुडघे दुखतात. शाळा लांब पडते. तिचे मन लागत नाही. सगळी खपली असती.

“नाही,” ती म्हणाली. “इराला इथे ठेवायचं नाही.”

“का? आता ऐन वेळी? परवापर्यंत तर...”

“तुझे बाबा मारतात.”

“काय बोलतेयस? कोणाला?”

“मला. लग्न झाल्यापासून. तुझ्याआधी एक मुलगी होती, ती त्यांच्या लाथेने गेली. माझा कान पडून नाही फुटला. आणि काल त्यांनी इराची बोटं गरम पाइपवर धरली.” बोलता बोलता तिचा पाय ब्रेकवरून हलला नाही. तिने तो अजून दाबला.

“पराग!” समोरून ते ओरडले. “तिचं डोकं फिरलंय! तिनं मला भिंतीला चिरडलंय, अरे, तिला आर टाकायला सांग!”

मग पराग म्हणाला, “आई, बाबा कुठे आहेत?”

“समोर. ऐकतायत.”

“इरा? इरा बेटा, तू आहेस? उँगली... तू म्हणालीस की तूच...”

इराने सिंधूकडे पाहिले. सिंधूने नजर हलवली नाही, मानही हलवली नाही. इंजिन चालत राहिले. “हाँ पापा, मैंने...” इरा म्हणाली आणि थांबली. ओठ आत ओढले. मग ते सुटले. “आबांनी धरून ठेवला होता. मी सोडा म्हणाले. मी दोनदा म्हणाले.” आणि ती रडायला लागली, मोठ्याने, वेडेवाकडे, नाक वाहू देत. कालपासून पहिल्यांदा.

“आई,” परागचा आवाज आता लहान झाला होता, खिडकीतल्या त्या मुलाएवढा. “म्हणून मला मामाकडे पाठवलंस?”

“हो.”

“सांगायचं होतंस.”

“हो.”

“मी निघतो. आत्ता निघतो. तू तिला घेऊन त्या घरातून बाहेर पड.”

सिंधूने दांडी वर सारली. डीवरून एन, एनवरून आर; तिथे हिसका बसला आणि समोरून “हां, हां, अजून” असा सुटकेचा आवाज आला; पण ती तिथे थांबली नाही. दांडी पीवर नेली. पी म्हणजे कुलूप. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केले, किल्ली काढून घेतली, मग पाय काढला. गाडी उताराने बोटभर मागे सरली आणि आतल्या दात्यात अडकून घट्ट बसली. गुडघे मोकळे झाले नाहीत, पण त्यांचा श्वास मोकळा झाला. आता ती ढकलूनही कोणाला हलणार नव्हती. इंजिन थांबल्यावर कानातली घरघर परत आली. “सिंधू, हे काय? किल्ली लाव! मी उभा किती वेळ राहणार?” त्यांचे बोलणे चालू राहिले, आधी मोठ्याने, मग समजावणीच्या सुरात, मग पुन्हा मोठ्याने. तिने खाली उतरून इराला घेतले. जाताना भिंतीवरच्या पट्ट्याकडे तिचे लक्ष गेले, पण तो घ्यायला पुढे जावे लागले असते. तो राहिला तिथेच. इराला उजवीकडे घेऊन ती फाटकाकडे चालली. गाडीखाना डाव्या कानाकडे राहिला.

समोरच्या बंगल्यात रमाकांतजी नळीने तुळशी, मोगरा भिजवत होते. “काय वहिनी,” त्यांनी दुरूनच हाक मारली, “लागलं का जहाज किनाऱ्याला?” सिंधूने रस्ता ओलांडला आणि किल्ली त्यांच्या ओल्या हातात दिली. या गावात आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हते, आणि मराठीत जे बोलायचे ते या मोजक्या घरांत जिरून जायचे. ती हिंदीत बोलली, नीट, मोठ्याने. शेजारच्या फाटकातली मोलकरीणही वळून पाहू लागली. “इन्होंने बच्ची का हाथ गरम पाइप पर पकड़कर रखा. मुझे बरसों मारा. आज मैंने गाड़ी आगे ली. ज़िंदा हैं, दीवार से लगे खड़े हैं.” रमाकांतजींनी आधी तिच्याकडे पाहिले, मग इराच्या बोटांकडे. नळीचे पाणी त्यांच्या चपलांवर पडत राहिले. कोपऱ्यावर एक ई-रिक्षा वळत होती. सिंधूने हात केला.

“आम्ही बसलो की जा,” ती मराठीत म्हणाली. “आधी ब्रेकवर पाय ठेवा, मग किल्ली फिरवा. दांडी एकच घर खाली ओढायची, आर येतं. हिसका बसेल. घाबरू नका.”